येळवस : देवळावाचून भरणारी जत्रा

आमच्या मेहकर-भालकी भागात मार्गशीर्ष महिना हा चालण्याचा महिना होय. शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाचे भक्त भंडारा घेऊन मैलारची वाट धरतात. पौर्णिमेला दत्तजयंतीसाठी कोणी हुमनाबादजवळ माणिकनगरला श्रीमाणिकप्रभूंच्या दर्शनास जातो, तर कोणी भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर गाठतो. या जत्रांचे वर्णन अनेकांनी केले आहे. परंतु याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी, अमावस्येला, आमच्याकडे आणखी एक जत्रा भरते. तिला देऊळ नाही, पुजारी नाही, पंचकमिटी नाही, दुकानांची रांग नाही. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गावात शिरावे तर दारांना कड्या घातलेल्या असतात आणि माणसे मात्र चहूदिशांच्या वाटांवर दिसतात. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या शेतात बसलेला असतो. ही वेळ अमावस्या, बोलण्यात येळवस.

आपल्या संस्थेच्या कुटुंबांपैकी पुष्कळ मंडळी आता पुणे, मुंबई, हैदराबाद येथे राहतात. त्यांच्या मुलांनी येळवशीची भज्जी खाल्लेली असते, पण ती शेतातच का खायची हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांच्यासाठी ही थोडीशी माहिती.

प्रथम नावाविषयी. हा सण जितका मराठी तितकाच कानडी आहे. कानडीत याला एळ्ळ अमावस्या म्हणतात. त्या भाषेत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘एळु’ म्हणजे सात. थंडीच्या दिवसांत तिळाचे पदार्थ करतात म्हणून हे नाव, असे कोणी म्हणतात. दुसरे म्हणतात, ज्येष्ठापासून मोजली असता मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते म्हणून. आमच्या आजीला दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि दोन्ही खरे वाटत होते. मराठी तोंडात ‘एळ’चे ‘येळ’ झाले आणि शुद्ध बोलणाऱ्यांनी त्याचे ‘वेळ’ केले. घड्याळातल्या वेळेशी या सणाचा काही संबंध नाही.

सण तिथीवर असल्याने इंग्रजी तारीख बदलते. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी ती पुढे सरकते. इ. स. २०२४ या एकाच वर्षात हा सण दोनदा आला, पहिला ११ जानेवारीस आणि दुसरा ३० डिसेंबरास!

आता हाच काळ का, ते पाहू. आमची जमीन काळी, कसदार आणि ओल धरून ठेवणारी. पावसाळा सरता सरता रब्बी ज्वारी, हरभरा आणि करडई पेरायची, आणि पुढे जमिनीच्या पोटातल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर पीक वाढायचे, ही जुनी रीत. मार्गशीर्षाच्या अखेरीस ज्वारी पोटरीतून निसवू लागते, हरभऱ्याला घाटे धरतात, करडई फुलावर येते आणि तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. पेरणी, कोळपणी आणि खुरपणी संपली आहे, काढणी अजून दूर आहे. कष्टांच्या दोन डोंगरांमधला हा एक सपाट दिवस आहे. पीक उभे आहे, पण पदरात पडलेले नाही. आशा आणि धास्ती एकत्र नांदतात अशा वेळी माणूस हात जोडतो आणि चार जणांना जेवायला बोलावतो. येळवशीचे मर्म मला यातच दिसते.

तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. ज्वारीचे पीठ शिजवून, ताकात कालवून, लसूण-जिऱ्याचे वाटण लावून आंबील मडक्यात घालून ठेवतात. ती रात्रभर आंबली म्हणजे चवीला येते. घरातल्या बायका मध्यरात्रीच चुलीपुढे बसतात. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हेत, हे शहरातल्या मुलांनी ध्यानात ठेवावे. तुरीचे व हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वाल, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी, बोरे असे त्या ऋतूत रानात जे मिळेल ते सारे चिंच आणि बेसन घालून एका पातेल्यात शिजवायचे, ती भज्जी. तिच्या जोडीला ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, धपाटे, गव्हाची खीर आणि भात. यातला जिन्नस बहुतेक घरच्या शेतातला असे. मीठ आणि गूळ तेवढा बाजारचा.

सकाळी मडकी आणि पाट्या डोक्यावर घेऊन सारे घर शेताकडे निघते. पुढे आंबीलीचे मडके घेतलेला घरचा माणूस, मागे बायका, त्यांच्यामागे पोरे आणि शेवटी काठी टेकीत आजोबा. कोस-दीड कोसाची वाट गप्पांत सरते. वाटेत प्रत्येकाच्या पिकाकडे पाहत आणि त्यावर मत देत जायचे! आम्हा मुलांना कोणाचा बांध कोठे, कोणाची विहीर गोड, कोणत्या ओढ्याला हिवाळ्यातही पाणी असते, हे सारे या वाटेवर कळले. शाळेत भूगोल शिकलो तो नंतर.

शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून, शेंडे एकत्र बांधून कोप केलेली असते. तिच्यावर नवे लुगडे किंवा शाल पांघरतात. आत पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावतात. हे पांडव. कोठे त्यांच्याजवळ द्रौपदीचाही दगड असतो, आणि सारेजण लक्ष्मी म्हणून भूमीचीच पूजा करतात. राज्य गमावून रानात राहिलेल्या पांडवांना कुणब्याने आपल्या कडब्याच्या झोपडीत जागा द्यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पूजा आणि नैवेद्य झाला की चर शिंपायचा. आंबील आणि नैवेद्याचे अन्न घेऊन, आरोळी देत, शेताच्या चारी बांधांवरून फिरायचे आणि ते पिकात शिंपडीत जायचे. शेजारचा कानडी शेतकरी यालाच ‘चरग’ म्हणतो. जिने अन्न दिले तिला तिचा पहिला घास परत, असा हा विधी. त्या शितांवर पाखरे उतरतात आणि शितांबरोबर हरभऱ्यावरच्या अळ्याही टिपतात, असे जुने शेतकरी सांगत. पण याहून मोठा व्यावहारिक लाभ निराळाच आहे. चारी बांध फिरल्याने मालकाला स्वतःचे शेत एकदा नीट दिसते. कोठे पीक पिवळे पडले, कोठे बांध खचला, कोठे डुकरांनी वाट पाडली, हे त्या फेरीत नजरेला येते.

मग पंगत. येथील नियम एकच आहे: बांधावरून जाणाऱ्या माणसाला न जेवता जाऊ द्यायचे नाही. तो ओळखीचा असो वा परका, त्याची जात आणि भाषा कोणतीही असो, हाक मारून बसवायचे. पळसाच्या पत्रावळीवर भज्जी आणि हातात आंबीलीचा पेला द्यायचा. ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला त्या दिवशी सगळी शेते आहेत. दुपारी मुले चिंचेच्या किंवा लिंबाच्या फांदीला झोका बांधतात. संध्याकाळी कोपीपुढे दूध उतू घालतात. ते ज्या दिशेला उतू जाते त्यावरून पुढल्या साली पीकपाणी कसे होईल याचा अंदाज बांधतात. दिवेलागणीला वाळल्या कडब्याची पेंढी, म्हणजे हेंडगा, पेटवून पिकाभोवती फिरवतात. अंधारात साऱ्या शिवारात असे हेंडगे फिरताना पाहिले म्हणजे आकाशातली नक्षत्रे बांधांवर उतरल्यासारखी वाटतात.

या सणाचे मोल मला एका प्रसंगाने कळले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या वडिलांचे आणि शेजारच्या शेतकऱ्याचे बांधावरून वितुष्ट आले होते. नांगरताना बांध कोरला, असे दोघेही एकमेकांना म्हणत. दोन वर्षे बोलणे बंद होते आणि प्रकरण कोर्टात जायच्या बेतात होते. त्या येळवशीला आजीने आंबीलीचे मडके माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “जा बाळ, पलीकडच्या काकांना देऊन ये. म्हणावं, आजीनं धाडलंय.” वडील मान खाली घालून बसले, आजीपुढे त्यांचे काही चालत नसे. मी भीतभीत बांध ओलांडला. काकांनी मडक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ओंजळ पुढे केली. परतताना त्यांच्या घरातल्यांनी त्याच मडक्यात खीर भरून दिली. त्याने भांडण मिटले असे नव्हे. परंतु पुढल्या वर्षी चर शिंपताना दोघे एकाच बांधावर समोरासमोर आले, तेथेच थांबले, आणि दोघांनी मिळून जुन्या खुणेचा दगड शोधून काढला. कोर्टाची पायरी कोणी चढले नाही. सणाने न्याय केला नाही. त्याने दोघांना एका जागी आणून उभे केले, एवढेच.

जे दोन शेजाऱ्यांचे, तेच दोन भाषांचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि भालकी, हुमनाबाद व बीदर हे म्हैसूर राज्यात राहिले. पुढे मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले, म्हैसूरचे कर्नाटक झाले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा निराळा निघाला. सोयरिकी असलेली गावे दोन राज्यांत विभागली. परंतु येळवशीला त्याचा पत्ता नाही. अमावस्या दोहीकडे एकाच दिवशी येते, आणि लातूर जिल्ह्यात तर त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. आरोळी मराठी की कानडी, हे शिवारात कोणी विचारीत नाही.

शेताची सीमा पायी फिरून पिकासाठी प्रार्थना करावी, हे दूरदेशीच्या लोकांनाही सुचले आहे. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी व्हिएन नावाचे गाव आहे. तेथील बिशप मामेर यांनी इ. स. ४७० च्या सुमारास अशी प्रथा घातली की, वसंत ऋतूत येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस लोकांनी मिरवणुकीने निघून प्रार्थना करावी. पुढे ती फ्रान्सभर पसरली. खेड्यातले स्त्री-पुरुष धर्मगुरूंमागून शेताशेतांतून चालत आणि उभ्या पिकाला आशीर्वाद मागत. इंग्लंडात गावची हद्द मुलांना बरोबर घेऊन फिरण्याची चाल होती, ती यासाठी की म्हाताऱ्यांच्या मागे खुणा ठाऊक असणारे कोणी उरावे. विसाव्या शतकात फ्रान्समधली ही मिरवणूक बहुतेक गावांतून बंद पडली. यंत्रे आली, लहान शेते एकत्र झाली, कुंपणाची झाडे आणि जुन्या पायवाटा गेल्या. उलट त्याच देशात १९४७ पासून चालण्याची आवड असलेल्या मंडळींनी लांब पल्ल्याच्या पायवाटांवर तांबड्या-पांढऱ्या खुणा रंगवून त्या राखण्यास आरंभ केला. चालणारे पाय थांबले की वाट बुजते, आणि पुन्हा चालू लागले की ती जिवंत होते, एवढे यातून घ्यावे.

आपल्याकडेही बदल झाला आहे. सोयाबीन आणि तूर वाढली, रब्बी ज्वारी मागे पडली. कोपीसाठी पाच पेंढ्या कडबा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो. भावाभावांत वाटण्या होऊन शेते अरुंद झाली, पाणंदी नांगराखाली गेल्या. पुष्कळांची जमीन विकली गेली. जे येतात ते मोटारीने सडकेलगतच्या तुकड्याशी उतरतात, जेवतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दुरून येतात हेच पुष्कळ. पण चारी बांध फिरले नाहीत आणि वाटेवरच्या परक्याला हाक मारली नाही, तर उरते ती केवळ सहल.

म्हणून आपल्या सभासद कुटुंबांस तीन विनंत्या. पहिली : त्या दिवशी मोटार गावातच ठेवा आणि मुलांना शेतापर्यंत पायी न्या, वाटेतल्या विहिरींची, ओढ्यांची, माळांची नावे सांगा. दुसरी : चर शिंपताना मुलांच्या हाती मडके द्या, आणि चारही कोपऱ्यांवरचे खुणेचे दगड दाखवा. तिसरी : ज्यांचे शेत उरले नाही अशी घरे आपल्यातच आहेत. त्यांना आमंत्रणाची वाट पाहायला लावू नका, आदल्या दिवशीच जाऊन सांगा, “उद्या आमच्या शेतात या.” आणि ज्यांच्याशी बोलणे बंद असेल त्यांच्याकडे आंबीलीचे मडके पाठवा; पोहोचवायला घरातले लहान मूल फार उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.