कुत्र्यांच्या मज्जारज्जूतील परजीवी : निदान कसे होते?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः सिडनी व ब्रिस्बेन परिसरात, कुत्र्यांच्या पिल्लांमध्ये आढळणारा मज्जारज्जूचा एक विकार ‘अँजिओस्ट्रॉन्जायलस कँटोनेन्सिस’ या गोलकृमीमुळे होतो. प्रौढ कृमी उंदराच्या फुप्फुसधमन्यांत राहतात, त्यांच्या अळ्या गोगलगायींमध्ये वाढतात आणि अशी गोगलगाय पिल्लाने खाल्ल्यास त्या मज्जारज्जू व मेंदूपर्यंत पोहोचतात. तेथे उद्भवणाऱ्या दाहामुळे मागचे पाय लुळे पडतात, कंबरेला स्पर्शही असह्य होतो आणि मलमूत्रावरील ताबा सुटतो. कुत्र्याच्या शरीरात या कृमीचे जीवनचक्र पूर्ण होत नसल्याने विष्ठेत अळ्या सापडत नाहीत, म्हणून नेहमीची विष्ठा-तपासणी येथे निरुपयोगी ठरते. त्याऐवजी मस्तिष्क-मेरुद्रव, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सुईने काढून तपासला जातो. त्यात परजीवींच्या संसर्गात वाढणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात आढळल्यास संशय बळावतो आणि प्रतिपिंडे शोधणारी एलायझा किंवा कृमीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी त्यास पुष्टी देते. अळ्या मेल्यावर दाह आणखी भडकू शकत असल्याने उपचारात दाहशामक स्टेरॉइडांना प्राधान्य दिले जाते. म्हणूनच अशी लक्षणे दिसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना जंतनाशक औषध देणे टाळावे.