रोजकीर्द आणि तर्जुमा : व्यवहार-नोंद व निर्णय-साहाय्य यांच्या सांगडीविषयी

भिवंडी तालुक्यातील राहनाळ, पूर्णा, काल्हेर या गावांवरून जाणाऱ्याच्या दृष्टीस आज भाताच्या खाचरांपेक्षा गोदामांची पत्र्याची छपरेच अधिक पडतात. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये संपुष्टात आली; परंतु ती असताना महानगराच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याची जी सोय व्यापाऱ्यांना हवी होती, तिने या वस्तीच्या वाढीस पुष्कळच हातभार लावला. अशा कोणत्याही गोदामात दोन भाषा चालतात. गाडी दाराशी लागली, इतके नग उतरले, इतके चढले, ही एक. पुढील महिन्यात कोणता माल किती मागवावा, कोणती जागा मोकळी करावी, ही दुसरी. पहिलीचे वाक्य एका घटनेपुरते व भूतकाळी असते. दुसरीचे हजारो घटनांच्या समूहाविषयी असून त्याचा रोख भविष्याकडे असतो. संगणकशास्त्र पहिलीस व्यवहार-प्रक्रिया म्हणते, दुसरीस निर्णय-साहाय्य. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघानेच येईल.

हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मास आला, असे समजण्याचे कारण नाही. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची रचना पाहावी. चालते दफ्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असे. त्यातील फडातून सनदा व हुकूम सुटत, रोजकीर्दही तेथेच लिहिली जाई. बेहड्याच्या शाखेत जमाखर्चाचा अंदाज तयार होई. एकबेरीज दफ्तराचा मुक्काम मात्र कायम पुण्यास. तेथे निरनिराळ्या खात्यांचे हिशेब येऊन पडत, त्यांची खतावणी होई, आणि सबंध वर्षाची जमा, खर्च व शिल्लक दाखविणारा तर्जुमा कोष्टकरूपाने निघे. या विभागणीचे मर्म असे की, रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी तर्जुम्यासाठी अडत नसे. तर्जुमा मात्र घटनांच्या मागून येई, हे या सोयीचे मोल होते.

संगणकाने हीच वाट पुन्हा चोखाळली. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी कोष्टकांवर आधारलेली विदा-रचना मांडली. १९९३ मध्ये त्यांनीच विश्लेषणासाठी निराळ्या जातीच्या साधनांची गरज प्रतिपादिली. मधल्या काळात, १९९२ मध्ये, विल्यम इन्मन यांचा ‘विदा-वखार’ या कल्पनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. (मराठीत ‘वखार’ हा शब्द हाताशी असता व्यवहारात मलायी भाषेतून पोर्तुगिजांमार्फत आलेले ‘गोदाम’च रूढ झाले, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.) दिवसभराचे व्यवहार एका यंत्रात नोंदवावेत, रात्री ते निवडून व साफ करून वखारीत न्यावेत आणि निर्णयासाठी वखारीलाच विचारावे, अशी ही पद्धती. तिचे कारण केवळ शिस्तीचे नाही. व्यवहाराची नोंद ओळीने ठेवलेली बरी, कारण एका गाडीचा सारा तपशील एकदम लागतो. बेरजेसाठी रकाने सलग ठेवलेले बरे, कारण लाखो ओळींतील एकच रकाना वाचावयाचा असतो. पहिली मांडणी रोजकीर्दीची, दुसरी स्थूलमानाने खतावणीची. शिवाय लांबलचक बेरीज चालू असताना नोंदी कुलूपबंद केल्या तर दारातील गाडी खोळंबते. आणि न कराव्या तर बेरजेचा आरंभ एका स्थितीत व शेवट दुसऱ्याच स्थितीत होतो. यावर तोड म्हणून नोंदीची जुनी आवृत्ती वाचकासाठी जपून ठेवतात, लेखक नवी लिहीत राहतो. हे तंत्र व दोन्ही मांडण्या एकत्र आणणाऱ्या संमिश्र प्रणालींना गार्टनर या संस्थेने २०१४ मध्ये स्वतंत्र नावही दिले. रात्रीची वाट पाहण्याचे त्यामुळे पुष्कळ अंशी टळते.

तथापि वेगाचा प्रश्न सुटला म्हणजे सांगड झाली, असे मानणे मला घाईचे वाटते. ‘शिल्लक’ हा एकच शब्द घ्या. समजा, राहनाळच्या एखाद्या गोदामात कापडाच्या शंभर गाठी आहेत. पैकी तीस एका व्यापाऱ्यास कबूल झाल्या आहेत, पण उचलल्या नाहीत. वीस गाठींची गाडी फाटकातून आत आली आहे, पण तपासणी व्हावयाची आहे. हमालांच्या मुकादमास विचारले तर शिल्लक शंभर. विक्री पाहणारा सत्तर सांगेल. ज्या प्रणालीत फाटकावरील नोंद हीच आवक, तीत आकडा एकशे वीस निघेल. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. वखार रात्री भरो वा क्षणोक्षणी, हे तीन अर्थ एकाच रकान्यात पडले तर चूक तेवढी लवकर पोहोचेल, इतकेच. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी नवा सौदा करील, आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीचे भाडे भरील.

जुन्या कारकुनांना ही अडचण ठाऊक असावी. बेहडा व ताळेबंद ही नावेच निराळी : एक होणाऱ्याचा अंदाज, दुसरा झालेल्याचा हिशेब. आजच्या कोष्टकात ‘शिल्लक’ या नावाचा एकटा रकाना असू नये, असे माझे मत आहे. प्रत्यक्ष शिल्लक, बांधील माल व तपासणीतील माल असे तीन रकाने असावेत, आणि प्रत्येक नोंदीस घटना घडल्याची वेळ व ती लिहिल्याची वेळ अशा दोन वेळा जोडाव्यात. फाटकावरील कारकुनास त्यापायी चार अक्षरे अधिक लिहावी लागतील, आणि ती लिहिण्यास तो नाखूष असेल. म्हणून रकान्यांची नावे ठरविताना त्यास प्रथम विचारावे, व्यवस्थापकास नंतर.