घटक ७ : सतरा अणूंचे वितळणे – धातूंच्या अणुस्तरीय सदृशीकरणाची ओळख

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• धातूंचे अणुस्तरीय सदृशीकरण म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
• गॅलियमच्या अणुपुंजांवर पुण्यात झालेले संशोधन स्पष्ट करता येईल.
• व्यवहारातील शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांतील फरक उदाहरणाने दाखवता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शास्त्रीय परिभाषेची लक्षणे आपण मागील घटकात पाहिली. या घटकात एक प्रत्यक्ष संशोधन मराठीतून समजून घ्यायचे आहे. विषय पदार्थविज्ञानाचा असला तरी बिचकण्याचे कारण नाही. त्यातील मध्यवर्ती प्रश्न एका साध्या मराठी क्रियापदाचा आहे.

सिल्लोड येथील एका संपर्कसत्रात सराफी दुकानात काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, मुशीत सोन्याची लगड टाका की कणी टाका, ते एकाच तापमानाला वितळते. पण कणी लहान करत करत पाच-पंचवीस अणूच उरले, तर?” प्रश्न मार्मिक होता. प्रस्तुत घटकाची मांडणी त्या प्रश्नाभोवतीच केली आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ ‘वितळणे’ या शब्दाचा अर्थ

साखर पाण्यात विरघळते, बर्फ वितळतो, उन्हाने मेण पाघळते, सोनार सोने आटवतो. ‘आटवणे’ हेच क्रियापद दुधाला लावले की अर्थ अगदी निराळा होतो. व्यवहारभाषेला ही विविधता शोभते. शास्त्राला मात्र एका शब्दाचा एकच निश्चित अर्थ हवा असतो. म्हणून ‘वितळणे’ म्हणजे घनरूप पदार्थाने ठरावीक तापमानाला द्रवरूप धारण करणे, अशी व्याख्या केली जाते. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड १५३८ अंशांना, तर गॅलियम हा धातू अवघ्या २९.८ अंशांना. गॅलियमचा खडा तळहातावर ठेवला तरी वितळतो. सिल्लोडच्या मे महिन्यातील दुपारी तो बाटलीत द्रवरूपातच राहील.

भाषेच्या अभ्यासकाला गॅलियमविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. या मूलद्रव्याचा शोध १८७५ साली लागला. त्याआधीच मेंडेलीव्ह यांनी त्याचे भाकीत केले होते आणि त्याला ‘एका-ॲल्युमिनियम’ असे नाव दिले होते. त्यातील ‘एका’ हा संस्कृत ‘एक’ होय. ॲल्युमिनियमच्या खालचे पहिले घर, असा त्याचा आशय.

आता अणूंच्या पातळीवर पाहू. घनरूप धातूत प्रत्येक अणू आपल्या जागेभोवती थरथरत असतो, पण जागा सोडत नाही. तापमान वाढते तशी थरथर वाढते आणि एका टप्प्यावर अणू जागा सोडून हिंडू लागतात. हेच वितळणे. पृष्ठभागावरील अणूंना शेजारी कमी असतात, म्हणून ते सैल बांधलेले असतात. कण जितका लहान, तितके त्यातील पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण अधिक. म्हणूनच काही नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण १०६४ अंशांपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला वितळतात. येथपर्यंत आपल्या विद्यार्थ्याला मिळणारे उत्तर सरळ आहे : कण लहान झाला की तो लवकर वितळतो.

७.२.२ सदृशीकरण म्हणजे काय?

सतरा अणूंच्या पुंजातील प्रत्येक अणू कसा हालतो, हे डोळ्यांनी पाहता येत नाही. तेथे संगणकाचे साहाय्य घेतात. संगणकाला प्रत्येक अणूचे स्थान आणि वेग सांगितला जातो. शेजारच्या अणूंमुळे त्याच्यावर किती बल पडते, याचे गणित होते. त्या बलाने अणू अगदी किंचित सरकतो. नव्या स्थानावरून पुन्हा बल काढले जाते, आणि हाच क्रम हजारो-लाखो वेळा चालतो. दोन पावलांमधील काळ एक-दोन फेम्टोसेकंदांचा असतो. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावेत आणि त्यातील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत, म्हणजे एक फेम्टोसेकंद मिळतो.

या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये अनीसुर रहमान यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९२७ साली हैदराबाद येथे झाला. त्या काळी आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता. १९६४ मध्ये अमेरिकेत त्यांनी द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडून दाखवली. धातूंच्या बाबतीत काम अधिक अवघड होते, कारण तेथे अणूंना बांधून ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनांचाही हिशेब ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉन कोठे किती दाट आहेत, यावरून ऊर्जा काढण्याचा जो सिद्धांत आहे, त्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘सिम्युलेशन’ला मराठीत काही जण ‘अनुकरण’ म्हणतात. साहित्यशास्त्रात आपण ॲरिस्टॉटलचा अनुकृतिविचार अभ्यासला आहे. अनुकरणात आधी मूळ वस्तू समोर असते, मग तिची अनुकृती होते. येथे मूळ घटना कोणी पाहिलेलीच नसते. ठाऊक असतात ते नियम. ते नियम चालवून घटना कशी घडेल, हे पाहायचे असते. म्हणून या घटकात ‘सदृशीकरण’ ही संज्ञा स्वीकारली आहे.

७.२.३ गॅलियमचे कोडे

२००३ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जॅरोल्ड यांच्या गटाने गॅलियमच्या लहान पुंजांवर प्रयोग केले. प्रचलित समजुतीनुसार हे पुंज शून्याखाली १२३ अंशांपेक्षाही अधिक थंडीत द्रवरूप राहायला हवे होते. प्रत्यक्षात ३९ आणि ४० अणूंचे पुंज सुमारे २७७ अंशांना वितळले. १७ अणूंच्या पुंजात तर सुमारे ४४७ अंशांपर्यंत वितळण्याची खूणच आढळली नाही. हाताच्या उबेने वितळणारा धातू, लहान झाल्यावर अधिक चिवट ठरला होता!

पुणे विद्यापीठातील (आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) डी. जी. कान्हेरे, त्यांचे सहकारी एस. चाको व कविता जोशी आणि फ्रान्समधील एस. ए. ब्लंडेल यांनी या कोड्याचा सदृशीकरणाने वेध घेतला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार १७ अणूंचा पुंज सुमारे ३७७ अंशांना, तर १३ अणूंचा पुंज सुमारे ११२७ अंशांना वितळतो.

असे का व्हावे? कारण बंधांच्या स्वरूपात आहे. गॅलियमच्या मोठ्या तुकड्यात प्रत्येक अणूला एक शेजारी विशेष जवळचा असतो आणि बाकीचे थोडे दूर असतात. तेथील बंध काहीसे सहसंयुज, काहीसे धातवीय, असे मिश्र असतात. लहान पुंजात मात्र बंध प्रामुख्याने सहसंयुज होतात. ठरावीक अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला तो घट्ट बंध असतो, आणि तो तोडण्यास अधिक उष्णता लागते. म्हणजे तुकडा लहान होताना केवळ अणूंची संख्या कमी होत नाही, त्यांचे परस्परांशी असलेले नातेच बदलते.

पुढे २००६ मध्ये जोशी, कृष्णमूर्ती व कान्हेरे यांनी ३० आणि ३१ अणूंच्या पुंजांची तुलना केली. ३१ अणूंचा पुंज ठळकपणे वितळतो. ३० अणूंच्या पुंजात असा ठळक टप्पाच दिसत नाही. ३१ अणूंची मूळ रचना अधिक सुव्यवस्थित असते, म्हणून बरेचसे अणू एकदमच सैल होतात. ३० अणूंची रचना विस्कळीत असते, तेथे एकेक अणू आपापल्या वेळी सुटू लागतो. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एका वर्णाने अर्थ पालटतो, त्याची येथे आठवण होईल. पण साम्य तेवढ्यापुरतेच. भाषेतील तो भेद संकेताने ठरतो, पुंजातील भेद रचनेमुळे घडतो.

७.२.४ संज्ञेची पुनर्व्याख्या

सतरा अणू ‘वितळले’ म्हणजे नेमके काय झाले? त्यांचा थेंब ओघळत नाही. येथे शास्त्रज्ञ उष्माधारकता पाहतात, म्हणजे तापमान एक अंशाने वाढवण्यास किती उष्णता लागते ते मोजतात. आलेखात ती जेथे उंचावते, तेथे अणू जागा सोडू लागले असे मानतात. हा उंचवटा पसरट असतो. त्यामुळे वितळण्याचा एकच नेमका अंश सांगण्याऐवजी ‘सुमारे’ म्हणावे लागते. शब्द तोच राहिला, व्याख्या बदलली.

आणखी एक दक्षता घ्यावी. १७ अणूंबाबत प्रयोगाचे व सदृशीकरणाचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. प्रयोगातील पुंज विद्युतभारित होते, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या तुकड्याहून लहान पुंज चिवट असतो, या निष्कर्षावर मात्र दोहोंचे एकमत आहे. सदृशीकरणातून आलेला आकडा गृहीतकांसह लिहावा. गृहीतके वगळून केवळ आकडा देणारे लेखन वाचकाची दिशाभूल करते.

आता आपल्या विद्यार्थ्याला पुरे उत्तर देता येईल : तापमान तेच राहणार नाही, परंतु ते घटेल की वाढेल, हे धातू कोणता आणि अणू किती, यांवर अवलंबून आहे.

७.३ सारांश

सदृशीकरणात अणूंच्या परस्परबलांचे नियम चालवून घटना अभ्यासली जाते. लहान कण लवकर वितळतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. गॅलियमचे पुंज त्यास अपवाद ठरले, आणि त्याचे कारण बंधांच्या बदलत्या स्वरूपात सापडले. पुण्यातील हे निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाले. तो आशय मराठीत अचूकपणे सांगण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे येते. ते आपण केले नाही, तर आपल्याच परिसरातील ज्ञान आपल्याच भाषेला परके राहील.

७.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. लहान कण सामान्यतः कमी तापमानाला का वितळतात?
२. ‘अनुकरण’ ही संज्ञा येथे अपुरी का वाटते?
३. ३० व ३१ अणूंच्या पुंजांतील फरकाचे कारण सांगा.

७.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील सोनार, लोहार किंवा ओतकाम करणाऱ्या कारागिराला भेटा. धातू तापवण्यापासून ओतण्यापर्यंतच्या प्रत्येक अवस्थेसाठी तो कोणते शब्द वापरतो, त्यांची नोंद करा. त्यांपैकी कोणते शब्द शास्त्रीय लेखनात जसेच्या तसे घेता येतील आणि कोणत्या शब्दांची व्याख्या नव्याने करावी लागेल, ते सकारण लिहा.