दीड मिनिटाचा विमानप्रवास

वसुलीसाठी गावोगावी फिरणाऱ्या व्यापाऱ्यास एक गोष्ट लवकर उमगते : नकाशावरचे अंतर आणि वाटेत मोडणारा वेळ यांचा मेळ क्वचितच बसतो. याचे नवलाचे उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी द्वीपसमूहात आढळते. तेथील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांत अवघे २.७ किलोमीटरचे अंतर आहे. एडिनबराच्या विमानतळाची धावपट्टीही जवळपास एवढीच लांब! वेळापत्रकात या उड्डाणास दोन मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्षात दीड मिनिट पुरते. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांत विमान पोहोचल्याची नोंद आहे. नियमित प्रवासी सेवांमध्ये जगातील सर्वांत लहान उड्डाण ते हेच.

हिशेबी मनुष्य येथे जरा अडखळेल. या मार्गावरील 'आयलंडर' हे दोन इंजिनांचे छोटे विमान ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने उडते. त्या वेगाने हे अंतर ४० सेकंदांत संपावयास हवे. मग नव्वद सेकंद कशाला? कारण पूर्ण वेग हाती येण्यापूर्वीच उतरण्याची तयारी करावी लागते. लांबच्या मार्गावर चढण्या-उतरण्याची मिनिटे एकूण वेळेत जिरून जातात. येथे मात्र तीच सारा प्रवास व्यापतात. अंतरास वेगाने भागून आखूड मार्गाचा वेळ काढणारा म्हणून फसतो.

लोगनएअर या कंपनीने ही सेवा १९६७ साली सुरू केली. विमान किर्कवॉल या मुख्य गावाहून निघते आणि दोन्ही बेटे करून परत येते. सहवैमानिक नसल्याने एखाद्या प्रवाशास वैमानिकाच्या शेजारीच बसावयास मिळते. पर्यटकांना याचे मोठे अप्रूप. पण ही सेवा त्यांच्या हौसेसाठी सुरू झालेली नाही. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची ती रोजची वाट आहे. किर्कवॉलमधील एका बँकेची कर्मचारी तर बेटाबेटांवर बँकेचे व्यवहार करण्यासाठी विमानानेच जात असे. तिच्या नावावर १०,००० उड्डाणे जमा झाली आणि लोक तिला 'उडती बँकर' म्हणू लागले. ग्राहकाच्या दारी जाण्याचा धर्म पेढीवर बसणाऱ्यांना नवा नाही. फक्त येथे दार समुद्रापलीकडे होते.

पापा वेस्ट्रेवर २००१ च्या जनगणनेत ६५ माणसे होती. २०११ मध्ये ती ९० झाली. दुकान गावकऱ्यांची सहकारी संस्था चालवते. एवढ्या वस्तीसाठी विमान चालविणे निव्वळ तिकिटांच्या पैशांत परवडणारे नाही, म्हणून स्थानिक परिषद अनुदानाचा भार उचलते. खतावणीत हा तोट्याचा मार्ग ठरेल. परंतु शिक्षक येईनासा झाला की शाळा जाते, शाळेपाठोपाठ कुटुंबे जातात आणि मग दुकानासही गिऱ्हाईक उरत नाही. हा खर्च कोणत्या खात्यावर मांडावयाचा, याचे उत्तर ऑर्कनीने आपल्यापुरते दिले आहे.

धुके दाटले की मात्र दीड मिनिटाची ही वाटही बंद होते. मग किनाऱ्यावर येऊन होडीची चौकशी करावी लागते.