लिंचसाठी कॉफी आणि डोनट

१६ जानेवारी २०२५. चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेल्याची बातमी आली आणि कॅलिफोर्नियातल्या बर्बँकमध्ये चाहते जमले ते ‘बॉब्स बिग बॉय’ या हॉटेलाबाहेर! स्टुडिओ नाही, थिएटर नाही. कारण लिंच इथे तब्बल सात वर्षं दुपारी अडीचला चॉकलेट मिल्कशेक आणि कपामागून कप कॉफी घेत बसायचे. साखर पोटात गेली की कल्पना सुचतात, असं ते सांगत. दारातल्या चौकड्यांच्या पँटीतल्या गुबगुबीत पुतळ्यापाशी फुलांसोबत कॉफीचे कप आणि डोनट ठेवलेले. लिंचच्या ‘ट्विन पीक्स’ मालिकेतला एजंट कूपर कॉफीवर किती जीव टाकतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. सिगारेटची पाकिटंही होती. धूम्रपानानेच फुप्फुसं निकामी केलेल्या माणसाला ही वाहणं विचित्रच, पण लिंचला आवडलं असतं.