वाऱ्यातला एकट्याचा तंबू

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण 6 किलोचा रेटा बसतो, 72 ला 24 किलोचा. पिंपरी-चिंचवड, चाकणचे भटके पवनाकाठी किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम टाकतात, तिथे हा हिशेब कामाचा. एकट्यासाठी तंबू बुटका, एकमेकींना छेदणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा असावा. स्वस्तातली फायबरग्लासची दांडी जोराच्या वाऱ्यात उभी चिरते.

अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाला ठेवावे. आधी वाऱ्याकडच्या मेखा, मग दांड्या. उलट केले तर तंबूचा पतंग होतो. मेखेचे डोके तंबूपासून बाहेर कललेले हवे. पवनाकाठच्या मऊ मातीत लांब मेखा लागतात. गडमाथ्यावर मात्र चार बोटे मातीखाली बेसॉल्ट लागतो. मेख खणकन वाजते आणि वाकते. तिथे तणावा लहान दगडाला बांधावा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूने, दोरावरच मोठा धोंडा ठेवावा. धारदार कडेवर दोर घासू देऊ नये. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठाजवळ तर तंबू नकोच. नायलॉनचे कापड दवाने सैलावते, म्हणून झोपण्याआधी तणावे पुन्हा ताणावेत.