रथी, सारथी आणि खेळांतील दृष्टि

हल्लीं ज्या घरांत मुलें आहेत, त्या घरांत व्हिडिओ गेमचा शिरकाव झालेला नाहीं असें क्वचितच आढळेल. वडील मंडळी दोन घटका तो खेळ पाहतात. पडदा गरगर फिरतो, डोकें दुखूं लागतें, आणि 'हा कसला खेळ!' असा अभिप्राय देऊन उठून जातात. परंतु तो फिरणारा पडदा ताब्यांत कसा ठेवावा, हाच या खेळांतील एक मोठा अभ्यास आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. त्याचें थोडें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युद्धाचे जे खेळ असतात, ज्यांस अ‍ॅक्शन गेम म्हणतात, त्यांत खेळणारास एकाच वेळीं दोन कामें करावीं लागतात. डाव्या अंगठ्यानें तो आपल्या वीरास चालवितो. उजव्या अंगठ्यानें कॅमेरा, म्हणजे ज्या डोळ्यानें आपण तें रण पाहतों तो डोळा, फिरवितो. भारतीय युद्धांत धनुष्य अर्जुनाच्या हातीं होतें व घोड्यांचे लगाम श्रीकृष्णाच्या हातीं होते. येथें रथी आणि सारथी एकच! त्यांतून पुष्कळ खेळांत वार करण्याच्या कळाही त्याच उजव्या अंगठ्याच्या वांट्यास येतात. वार करावा तर लगाम सुटतो, लगाम धरावा तर वार राहतो. नवशिका मार खातो तो बहुधा या ओढाताणींत.

ही अडचण खेळ रचणारांस प्रथमपासूनच जाणवत होती. निन्टेन्डो कंपनीच्या 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या खेळांत कॅमेऱ्यास चक्क एक सारथी दिला आहे. लाकितू नांवाचें कासव ढगावर बसून, गळाच्या काठीस कॅमेरा टांगून, मारिओच्या मागें फिरत असतें. आरशाच्या दालनांत त्याचें प्रतिबिंबही दिसतें. परंतु धांवण्या-उड्या मारण्यास पुरेसा असलेला हा सारथी तरवारीच्या लढाईस पुरेना. लांबी, रुंदी व खोली अशा तिन्हीं दिशांस मोकळें असलेल्या मैदानांत वार शत्रूच्या शेजारून निघून जाई.

यावरील तोड त्याच कंपनीच्या 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' या १९९८ सालच्या खेळांत निघाली. तिची हकीकत तोरु ओसावा व योशिआकी कोइझुमी या तिच्या कर्त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतींत सांगितली आहे. क्योटो येथील तोएई कंपनीच्या चित्रनगरींत त्यांनीं निन्जा व सामुराई यांच्या लढाईचा प्रयोग पाहिला. एकानें साखळी लावलेला कोयता फेंकला. साखळी ताणली गेली, आणि ती धरून तो प्रतिस्पर्ध्याभोंवतीं वर्तुळांत फिरूं लागला. दुसरी गोष्ट अशी कीं, एका वीरास अनेकांनीं घेरलें असतांही ते एकदम तुटून पडत नाहींत, एकेकच पुढें येतो. या दोन निरीक्षणांतून ती युक्ति जन्मली. कंट्रोलरच्या मागील झेड कळ दाबतांच जणूं अदृश्य साखळी जोडली जाते: वीराचें तोंड शत्रूकडेच राहतें, बाजूस टाकलेलें पाऊल आपोआप वर्तुळ होतें, आणि इतर शत्रू कांहींसे थबकून राहतात. नावी नांवाची परी त्या शत्रूवर पिंवळी होऊन तरंगते, म्हणून कोणावर नजर बांधली आहे हेंही कळतें. यासच लॉक-ऑन म्हणतात. आम्ही त्यास 'लक्ष्यबंध' म्हणूं.

'डार्क सोल्स' या २०११ सालच्या खेळांत उजवी दांडी आंत दाबली कीं हाच लक्ष्यबंध साधतो, व ती बाजूस ढकलली कीं लक्ष्य बदलतें. परंतु तेथील शत्रू असा शिष्टाचार पाळीत नाहींत. एकावर नजर खिळली असतां दुसरा पाठीमागून येऊन घाव घालतो. चक्रव्यूहांत अभिमन्यूचा अंत झाला तो अनेकांनीं घेरिल्यामुळें, हें येथें स्मरावें. म्हणून जाणते खेळाडू एकाशीं गांठ असेल तर दृष्टि बांधतात. अनेक असतील तर ती सोडून, मागें सरून, आधीं सर्वांस समोर घेतात. शत्रू पर्वतप्राय असला तरीही ती सोडावी. कारण कॅमेरा त्याच्या मस्तकाकडे वळतो आणि पायांखालचें दिसेनासें होतें.

जवळ बसणारांस भोंवळ येते तिचें कारण असें मानतात कीं, डोळ्यांस गति दिसते, पण कानाच्या आंतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास ती जाणवत नाहीं. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्यें कॅमेऱ्याचा वेग कमी करतां येतो. तो करावा, थोडें दूर बसावें व खोलींत दिवा असूं द्यावा.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही कथा आपण मुलांस एकाग्रतेसाठीं सांगतों, व तें योग्यच आहे. परंतु तो पक्षी कृत्रिम होता, आणि अर्जुनाच्या पाठीवर कोणी चालून येत नव्हतें. दृष्टि बांधणें ही अर्धी विद्या. ती वेळेवर सोडणें ही उरलेली अर्धी. घरांतील मूल हरून, रागावून कंट्रोलर आपटूं लागेल, तेव्हां 'बंद कर तें' म्हणण्यापूर्वी त्यास एवढेंच विचारावें: "घाव बसला तेव्हां, बाळ, तुझी नजर कोणावर होती?" त्याचें उत्तर देतां देतां राग बहुधा ओसरेल, आणि पुढील डावास तें अधिक शहाणपणानें बसेल.